न्हाणाचे पंचांग

पाळीविषयीच्या समजुतींचा इतिहास आपण बहुधा विटाळाचा इतिहास म्हणून सांगतो. कावळा शिवणे, बाजूला बसणे, लोणच्याच्या बरणीला हात न लावणे, देवघराचा उंबरा न ओलांडणे, चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन पुन्हा घरात येणे. हे सगळे खरे आहे आणि ते लिहिले गेलेच पाहिजे. पण याच समजुतींची दुसरी बाजू मखरात बसलेली होती. तिच्याकडे आपण कौतुकाने पाहतो, म्हणून तिची चौकशी होत नाही. ज्या रक्तासाठी दर महिन्याला बाईला कोपरा दाखवला जाई, तेच रक्त मुलीला पहिल्यांदा दिसले की घरात साखर वाटली जाई, मखर सजे, ओटी भरली जाई, आळीतल्या बायका गाणी म्हणायला येत. एकोणिसाव्या शतकात मुलींच्या जिवावर जास्त बेतली ती ही मंगल बाजू, असे माझे मत आहे. विटाळाने बाईचा अपमान झाला. मंगलाने मात्र दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या देहावर तारीख घातली. ही तारीख मोडण्यासाठी जो मोठा झगडा झाला, त्यातली दोन माणसे सुरतेशी बांधलेली आहेत. बेहरामजी मलबारी तिथे लहानाचे मोठे झाले. आणि डॉक्टर रखमाबाई, मुंबईच्या मराठी घरातल्या, त्यांनी आपल्या वैद्यकीच्या उमेदीची वीसहून अधिक वर्षे तिथल्या बायकांच्या इस्पितळात घालवली.

सुरत हे या विषयासाठी योगायोगाने आलेले ठिकाण नाही. तापीच्या काठचे हे बंदर एकोणिसाव्या शतकात पडत्या काळात होते. १८३७ च्या आगीने आणि पुराने त्याचे कंबरडे मोडले होते आणि व्यापार मुंबईला गेला होता. तरी १९०१ मध्ये इथे सुमारे १ लाख २० हजार माणसे राहत होती, आणि त्यांत वाणी, नागर, अनाविल, जैन, पारशी, बोहरा, खत्री, कोळी असे सगळे होते. एकाच रक्ताविषयी एकाच गल्लीत चार नियम चालत. बोहऱ्यांच्या घरी त्या दिवसांत नमाज माफ असे, आणि रोजा पुढे भरून काढायचा असे. वाण्याच्या घरी बाई ‘छेटे’ बसे, आणि या ‘अडकावा’चे दोष धुवायला भाद्रपदात सामापांचम करी. ती आपलीच ऋषिपंचमी. दोन्हीकडची कहाणीही एकच: विटाळात भांड्यांना शिवल्यामुळे पुढच्या जन्मी कुत्री झालेली बाई. पारशांचा नियम तर सगळ्यांहून कडक. वेंदिदादच्या सोळाव्या प्रकरणात अशा बाईने अग्नीपासून आणि पाण्यापासून पंधरा पावले, आणि धर्मनिष्ठ पुरुषापासून तीन पावले दूर राहावे असे सांगितले आहे. तिला वेगळी जागा आणि अन्नासाठी वेगळे धातूचे भांडे. युरोपला हा ग्रंथ प्रथम कळला तोही सुरतेमुळेच. आंकेतील द्युपेराँ हा फ्रेंच पंडित १७५८ ते १७६१ या काळात इथे राहिला, दस्तुर दाराबांकडे शिकला, आणि १७७१ मध्ये त्याचे भाषांतर पॅरिसमध्ये छापले गेले. म्हणजे ‘विटाळ ही फक्त हिंदूंची खोड’ असे म्हणण्याची सोय सुरतेत कोणालाच नव्हती.

या नियमांच्या मुळाशी काय आहे, हे पाहायला तैत्तिरीय संहितेतली इंद्राची कथा पुरे आहे. इंद्राने त्वष्ट्याच्या मुलाला, विश्वरूपाला, मारले. ब्रह्महत्येचे पातक लागले. ते त्याने तिघांत वाटून टाकले: पृथ्वी, झाडे आणि स्त्रिया. स्त्रियांच्या वाट्याला आलेला भाग म्हणजे महिन्याचे रक्त, असे कथा सांगते. आणि त्यालाच जोडून त्या तीन दिवसांचे निषेध देते. ही कथा विटाळाचे मूळ म्हणून पुष्कळ वेळा सांगितली जाते. तिचा उत्तरार्ध मात्र गाळला जातो. पातक घेताना स्त्रियांनी बदल्यात वर मागितला, आणि ऋतूनंतर त्यांना संतती लाभावी असा वर त्यांना मिळाला. पाप आणि वर एकाच सौद्यात ठरले. म्हणून या परंपरेत ते रक्त नुसते घाण नाही आणि नुसते पवित्रही नाही. ते हिशेबाचे रक्त आहे. तीन दिवस त्याचे देणे फेडायचे, चौथ्या दिवसापासून त्याचे येणे वसूल करायचे. आणि देणे असो वा येणे, त्या हिशेबाची वही बाईच्या हाती कधीच नव्हती.

धर्मशास्त्राने ही वही किती बारकाईने लिहिली, ते पाहण्यासारखे आहे. मनुस्मृतीने ऋतुकाळ सोळा रात्रींचा धरला, पहिल्या चार रात्री वर्ज्य केल्या. पराशराने ऋतुकाळी पत्नीजवळ न जाणाऱ्या नवऱ्याला भ्रूणहत्येचे पाप लावले. म्हणजे फुकट गेलेला प्रत्येक ऋतू हा एक मारलेला जीव. मुलगी बापाच्या घरी ऋतुमती झाली तर बापाला नरक, हेही त्याच परंपरेचे वचन. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० मध्ये रचलेला धर्मसिंधु महाराष्ट्रातल्या भटाभिक्षुकांच्या रोजच्या वापरातला ग्रंथ. त्यात पहिले रजोदर्शन कोणत्या महिन्यात, कोणत्या वारी, कोणत्या नक्षत्रावर झाले असता काय फळ, आणि वाईट असल्यास कोणती शांती, याचा विचार आहे. ऋतुशांती आणि गर्भाधान हे त्यानंतरचे ओघाने येणारे विधी. आपल्या भाषेतही ही रीत मुरली आहे. मुलीला ‘न्हाण आले’, ‘पदर आला’, ती ‘शहाणी झाली’. अकरा वर्षांच्या पोरीला शहाणपण आले ते तिच्या डोक्यात काही उजाडले म्हणून नव्हे. घराला तिच्याविषयी एक निर्णय घेता येऊ लागला, म्हणून तिला शहाणी म्हणायचे. लग्न आधीच झालेले असे. न्हाण आले की सासरी निरोप जाई, मखर बांधले जाई, आणि सोळा रात्रींपैकी एखादा मुहूर्त काढला जाई. आळीतल्या प्रत्येक माणसाला तो मुहूर्त कशाचा हे ठाऊक असे. ठाऊक नसे ते बहुधा मखरात बसलेल्या मुलीलाच.

इथे एक आक्षेप आधीच विचारात घ्यायला हवा: हे सगळे वरच्या जातींचे, आणि तेही ग्रंथांतले, बहुजनांच्या घरात असे नव्हते. यात तथ्य आहे. सुरत जिल्ह्याच्याच पूर्वेकडे, डोंगराकडच्या चौधरी आणि गामीत समाजांत लग्ने मोठेपणी होत आणि घरजावई ठेवण्याची रीतही होती. तिथे हे पंचांग चालत नव्हते. पण शहरांत आणि मोठ्या गावांत ज्या जाती वर चढू पाहत होत्या, त्यांनी सोवळे उचलले ते बालविवाहासकट आणि गर्भाधानासकट उचलले. रखमाबाई ब्राह्मण नव्हत्या. सुतार समाजातल्या होत्या, ज्यात विधवेला पुन्हा लग्न करता येई. त्यांच्या आई जयंतीबाई चौदाव्या वर्षी लग्न होऊन पंधराव्या वर्षी बाळंतीण झाल्या, सतराव्या वर्षी विधवा झाल्या, आणि पुढे त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. विधवाविवाहाची मोकळीक असलेल्या या समाजातही मुलीचे लग्न अकराव्या वर्षी लागले, आणि न्हाण आल्यावर गर्भाधान ठरल्यासारखेच होते. पंचांग ब्राह्मणाचे, पण त्याची पाने बरीच खाली फडफडत होती.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या मुलाशी झाले. लग्नानंतर काही महिन्यांतच त्या ऋतुमती झाल्या. रीतीप्रमाणे आता गर्भाधान व्हायचे. ते सखाराम अर्जुनांनी होऊ दिले नाही. हे गृहस्थ ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत, वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते, आणि १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत जे दोन भारतीय होते त्यांतले एक. दुसरे डॉ. आत्माराम पांडुरंग, प्रार्थनासमाजाचे संस्थापक. हे नाव इथे उगाच आलेले नाही. आत्मारामांचे थोरले बंधू दादोबा पांडुरंग, मराठीचे व्याकरणकार, सुरतेच्या इंग्रजी शाळेत नोकरीला असताना १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजींबरोबर मानवधर्मसभेत होते. तिथला विचार घेऊनच त्यांनी पुढे १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा उभी केली. आणि १८७१ मध्ये केशवचंद्र सेनांनी ब्राह्मविवाहाच्या कायद्यासाठी देशातल्या नामांकित डॉक्टरांना पत्रे पाठवून मुलीचे लग्नाचे योग्य वय विचारले, तेव्हा उत्तर देणाऱ्यांत आत्माराम पांडुरंगही होते. डॉक्टरांच्या उत्तरांचा गाभा एकच होता: पाळी येणे ही वयात येण्याची सुरुवात आहे, पूर्णता नव्हे. १८७२ च्या कायद्यात मुलीचे किमान वय चौदा धरले गेले. हा कायदा मूठभरांसाठी होता. पण त्याने लग्नाच्या कायद्यात रक्ताच्या जागी वर्षांचा आकडा आणला. सखाराम अर्जुन याच वर्तुळातले होते. विवाहविज्ञानावर आणि प्रसूतीवर त्यांनी मराठीत लिहिले. स्वतःच्या घरात मुलीला पाळी आली तेव्हा त्यांनी पंचांगाऐवजी आपल्या विद्येला विचारले.

याचा परिणाम आठ वर्षांनी कोर्टात उमटला. १८८४ मध्ये दादाजींनी पत्नीवरच्या हक्कांच्या पुनःस्थापनेसाठी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला. त्यांचा मुद्दा साधा आणि धारदार होता: पुनःस्थापना तेव्हा, जेव्हा काहीतरी आधी स्थापन झालेले असेल. इथे पती-पत्नी कधी एकत्र राहिलेच नव्हते, तर परत काय द्यायचे? अपिलात सरन्यायाधीश सार्जंट आणि न्या. बेली यांनी हा तर्क मान्य केला नाही. हिंदू विवाह विधीने पूर्ण होतो, मग सहवास झालेला असो वा नसो, असे धरून खटला परत पाठवला. ४ मार्च १८८७ रोजी न्या. फॅरन यांनी रखमाबाईंना महिन्याच्या आत नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला. त्यांनी तुरुंग पत्करते असे कळवले. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि हुकूम अंमलात आला नाही.

यावर कोणी म्हणेल, आणि जाणकारांनी म्हटलेही आहे, की हा खटला पाळीचा नव्हताच. तो नापसंत नवऱ्याचा, मालमत्तेचा, संमतीचा होता. रखमाबाईंचे स्वतःचे म्हणणेही हेच होते, की जाण नसलेल्या वयात लावलेले लग्न त्यांना बांधत नाही. ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने टाइम्स ऑफ इंडियात १८८५ मध्ये आलेल्या त्यांच्या पत्रांचा विषय बालविवाह आणि वैधव्य हा आहे. मुलीचे शिक्षण कसे मध्येच तुटते याची त्यांत तळमळ आहे. हे सगळे मला मान्य आहे. पण खटला उभा राहू शकला कशामुळे, ते पाहावे. त्या काळच्या बहुतेक मुलींना नापसंतीचा प्रश्न विचारण्याइतके वय येण्याआधीच गर्भाधान होऊन जाई. वीस वर्षांची बाई तोवर दोन-तीन लेकरांची आई असे, आणि ‘आम्ही कधी एकत्र राहिलोच नाही’ हा युक्तिवाद तिच्या वकिलाला सुचण्याचीही शक्यता नव्हती. रखमाबाईंच्या बाबतीत अकराव्या-बाराव्या वर्षीचा एक मुहूर्त चुकवला गेला. त्या चुकलेल्या मुहूर्ताने त्यांना आठ वर्षे दिली. त्या वर्षांत त्या वाचायला शिकल्या, विचार करायला शिकल्या, आणि नकार द्यायला शिकल्या. पिन्हींचा निकाल ज्या फटीतून शिरला, ती फट पंचांग बाजूला ठेवल्यामुळे पडली होती. संमतीचा प्रश्न पाळीच्या प्रश्नाहून वेगळा नव्हता. पहिली पाळी आणि पहिली रात्र यांच्यामध्ये जागा असेल, तरच संमती नावाची गोष्ट जन्माला येते.

याच सुमारास मलबारी पुढे आले. ते १८५३ मध्ये बडोद्यात जन्मले, वडील गायकवाडांच्या चाकरीत कारकून होते. आई भिखीबाई मुलाला घेऊन सुरतेला आली आणि तिथेच तो वाढला, मिशनच्या शाळेत शिकला. ऑगस्ट १८८४ मध्ये त्यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे काढून देशभर पाठवली. त्यांच्यावर झालेली टीका सगळीच अन्यायाची नव्हती. हिंदूंच्या घरात पारशी माणसाने का लक्ष घालावे, हा प्रश्न उथळ होता. पण ते फार सरसकट लिहितात, सुरत-अहमदाबादच्या वरच्या जातींवरून साऱ्या देशाचे चित्र काढतात, हा आक्षेप रास्त होता. आणि त्यांच्या स्वतःच्या समाजातली पंधरा पावले त्यांच्या टिपणांचा विषय नव्हती. तरी एक गोष्ट त्यांनी ओळखली. शास्त्र काय म्हणते यावर वाद घालत बसले तर पंडितच जिंकणार. वाद मुलीच्या शरीरावर आणला पाहिजे. १८९० मध्ये ते इंग्लंडला गेले, भारताच्या मुलींच्या नावाने त्यांनी तिथे आवाहन छापले, आणि त्याच वर्षी कलकत्त्याला ती घटना घडली जिने वाद शरीरावर आणला.

फुलमणी दासी दहा-अकरा वर्षांची होती. तिच्या नवऱ्याच्या, हरिमोहन मैतीच्या, बळजबरीने ती मेली. १८६० च्या दंडसंहितेत वयाची मर्यादा दहा होती, आणि ती लग्नातही लागू होती. फुलमणीने ती ओलांडली होती म्हणून बलात्कार ठरला नाही. हयगयीने गंभीर इजा केल्याबद्दल मैतीला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. जानेवारी १८९१ मध्ये अँड्र्यू स्कोबल यांनी मर्यादा दहावरून बारावर नेणारे विधेयक मांडले. दोन वर्षे, एवढेच. त्यावर बंगाल आणि पुणे पेटले. कारण काय? इथे इतिहासाची बहुतेक पुस्तके राष्ट्रवाद, परकी सरकार, धर्मात हस्तक्षेप असे शब्द देऊन पुढे जातात. पण विरोधकांनी स्वतः दिलेले कारण नेमके होते: काही मुलींना बाराच्या आत न्हाण येते, आले की सोळा रात्रींत गर्भाधान हे शास्त्रविहित कर्तव्य आहे, कायदा ते गुन्हा ठरवतो. अख्खा वाद, वर्तमानपत्रे, सभा, दगडफेक, या एका रक्ताच्या तारखेभोवती फिरत होता.

विधेयकाला विरोध करणाऱ्या टिळकांची बाजू इथे न्यायाने मांडली पाहिजे. ते बालविवाहाचे भोक्ते नव्हते. १८९० मध्ये त्यांनीच सुधारकांपुढे प्रस्ताव ठेवला होता, की मुलीचे लग्न सोळाआधी आणि मुलाचे विसाआधी करणार नाही असे ज्यांना मान्य असेल त्यांनी आधी स्वतःला बांधून घ्यावे. परक्या सरकारला घरातल्या विधीत हात घालू देण्याचा धोका त्यांना दिसत होता, आणि तो काल्पनिक नव्हता. पण या भूमिकेतली उणीव मुलीच्या जागेवरून पाहिली की दिसते. स्वतःला बांधून घेणारा बाप मुलीला वाचवतो. न घेणाऱ्या बापाच्या मुलीचे काय? तिला स्वराज्य येईपर्यंत थांबण्याइतके आयुष्य असेलच असे नव्हते. रा. गो. भांडारकरांनी शास्त्रांच्या मैदानातच उत्तर दिले. पहिल्याच ऋतूत गर्भाधान झालेच पाहिजे हे बंधन नाही, सूत्रकाळात विवाह प्रौढ मुलीचाच होई, असे त्यांनी वचनांनिशी मांडले. मनूनेही ऋतुमती मुलीने तीन वर्षे वाट पाहावी असे म्हटले आहे, आणि सुश्रुताने सोळा वर्षांखालच्या मुलीच्या गर्भाला धोका सांगितला आहे. भांडारकरांचे पांडित्य थोर होते आणि धैर्यही. तरी त्यांना वादात उतरावे लागले ते पंडितांच्याच अटीवर: मुलीला काय होते याआधी ग्रंथात काय आहे, हे सिद्ध करत. मुलीला काय होते ते दुसऱ्या कोणीतरी सांगितले. १८९० मध्ये लखनौच्या डॉ. मॅन्सेल यांच्या पुढाकाराने ५५ स्त्री डॉक्टरांनी सरकारला अर्ज केला, आपल्या हातांखालून गेलेल्या तेरा मुलींची हकीकत जोडली, आणि मर्यादा चौदा करा असे मागितले. लुळ्या पडलेल्या, रक्त वाहून मेलेल्या मुली. पहिल्या पाळीचा अर्थ एवढ्या स्पष्टपणे बायकांनी आपल्याकडे त्याआधी क्वचितच सांगितला असेल. पाळी सुरू झाल्यानंतरही कमरेची हाडे वाढत असतात. मूल बाहेर येण्याची वाट तयार व्हायला त्यानंतर वर्षे लागतात. शहाणी झालेली मुलगी शरीरानेही तयार नव्हती. १९ मार्च १८९१ रोजी कायदा झाला, मर्यादा बारा.

आता दोन आक्षेप, जे आजही ऐकू येतात. पहिला असा, की बाजूला बसणे ही मुळात विश्रांती होती. कामाने पिचलेल्या बाईला तीन दिवस सुटी. काही बायकांना ते तसे वाटलेही असेल, आणि त्यांचे वाटणे खोटे ठरवण्याचा हक्क कोणाला नाही. पण हेतू विश्रांतीचा असता तर ती थकव्यावरून ठरली असती, स्पर्शावरून नव्हे. आजारी बाईला, बाळंतिणीला, म्हातारीलाही ती मिळाली असती. ज्या घरात दुसरी बाई नाही तिथे शेण, सरपण, शेत यांतून विटाळशीची सुटका नव्हती. फक्त चूल आणि देव बंद. आणि मुख्य म्हणजे, ज्या रीतीने तीन दिवस मुलीच्या अंगाची काळजी घेतली असे म्हणायचे, तीच रीत चौथ्या दिवसानंतर तिला मुहूर्ताला उभी करत होती. एकाच घराने एकाच आठवड्यात तिच्या देहावर दया आणि हा घाला, दोन्ही केले असे मानणे कठीण आहे. दोन्हीमागे हिशेब होता असे मानले, तर दोन्ही समजतात. दुसरा आक्षेप अधिक गोड आहे: मखर हा स्त्रीत्वाचा गौरव होता, पाळीची लाज नसलेला समाज तो, आपणच विलायती लाजेने तो घालवला. मखरातल्या मुलीला जवळच्या बायकांचे प्रेम मिळत असे, यात शंका नाही. पण गौरव ज्याचा करायचा त्याला नकाराची सोय असावी लागते. ज्या समारंभाचा शेवट मुलीने ठरवलेला नाही, आणि ज्याचे निमंत्रण तिचे शरीर उपलब्ध झाल्याची वर्दी असते, त्याला गौरव म्हणताना जपून म्हणावे. आजही कुठेकुठे पहिल्या पाळीचा सोहळा होतो. त्यापुढे गर्भाधान नसेल तर त्याचा अर्थ बदलतो, हे खरे. तो निरुपद्रवी झाला, कारण त्याच्यापुढची तारीख खोडली गेली.

रखमाबाई तडजोडीनंतर १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना बळ दिले. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत त्या शिकल्या, १८९४ मध्ये परतल्या, आणि १८९५ मध्ये सुरतेच्या बायकांच्या इस्पितळाच्या मुख्य डॉक्टर झाल्या. वय तीस. तिथून पुढे राजकोटच्या जनाना इस्पितळात जाईपर्यंत, म्हणजे १९१८ पर्यंत, सुरत हेच त्यांचे गाव होते. त्या काळी तिथल्या बाळंतपणावर सुयाणीचा, म्हणजे सुईणीचा, अधिकार होता. बाळंतपणही विटाळातलेच, म्हणून अंधारी खोली, जुनी चिंधी, आणि स्पर्शाचा दोष आधीच सोसलेल्या जातीची बाई. अशा घरांतल्या बायकांना इस्पितळात आणणे हे औषधाआधीचे काम होते. त्याचे मोल मला वेगळ्या ठिकाणी दिसते. बाईच्या कोणत्याही दुखण्याची चौकशी करताना डॉक्टर जो प्रश्न सुरुवातीलाच विचारते, तो असतो: पाळी कधी आली होती? हाच प्रश्न शतकानुशतके सासूने, भटाने, नवऱ्याने विचारला होता, आणि प्रत्येक वेळी उत्तराचा उपयोग विचारणाऱ्याला झाला होता: कुठे बसवायचे, काय शिवू द्यायचे नाही, कोणती रात्र धरायची. इस्पितळाच्या खाटेवर तोच प्रश्न पहिल्यांदा उत्तर देणारीच्या कामी आला. आणि तो विचारणारी बाई अशी, की जिच्या पहिल्या पाळीच्या उत्तरावर कोणी मुहूर्त काढू दिला नव्हता.

कायद्याने काय साधले, हा प्रश्न राहतो. १८९१ चा कायदा फारसा वापरला गेला नाही. घरातल्या गुन्ह्याची फिर्याद कोण देणार? १९२८ मध्ये मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली आणि १९२९ च्या शारदा कायद्याने लग्नाचेच वय मुलीसाठी चौदा केले; त्याचीही पायमल्ली झाली. लग्नातल्या संमतीचे वय रखडत रखडत पंधरावर आले आणि तिथेच राहिले. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते अठरा केले. बारापासून अठरापर्यंत यायला सव्वाशे वर्षे. तरीही मखराचे पंचांग शहरी मराठी आणि गुजराती घरांतून दोन-तीन पिढ्यांत गेले, कारण मुलगी लग्नाआधीच ऋतुमती होऊ लागली, शाळेत जाऊ लागली, आणि न्हाणाच्या दिवशी निरोप पाठवायला सासरच उरले नाही. वयाचा आकडा मोजता येतो, म्हणून कायद्याला आणि शाळेला तो पकडता आला. विटाळ मोजता येत नाही. तो सासूच्या नजरेत, देवघराच्या उंबऱ्यात आणि मुलीच्या स्वतःच्या मनात राहतो. फेब्रुवारी २०२० मध्ये कच्छातल्या भुजला मुलींच्या एका वसतिगृहात साठाहून अधिक विद्यार्थिनींना, पाळी कोणाची चालू आहे ते पाहण्यासाठी, कपडे उतरवायला लावले गेले. वही अजून दुसऱ्याच्याच हातात होती. त्यानंतर मार्च २०२१ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात न्या. पारडीवाला आणि न्या. व्होरा यांच्यापुढे पाळीवरून होणाऱ्या बहिष्काराला आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे चर्चेला आली. कायदा उंबऱ्यापर्यंत येतो आहे. आत तो कसा जाणार, हे कोणाही न्यायाधीशाला सोपे नाही.

आत जाण्याचा एक मार्ग मात्र या इतिहासातच आहे, आणि तो कायद्याआधीचा आहे. १८७६ च्या सुमाराला दहा वर्षांची मर्यादा ओलांडलेल्या मुलीला दंडसंहितेचे संरक्षण नव्हते. संमतिवयाचे विधेयक यायला पंधरा वर्षे होती, मलबारींची टिपणे लिहिली जायची होती, फुलमणी जन्मायची होती. मुंबईतल्या एका घरात अकरा-बारा वर्षांच्या मुलीला न्हाण आले. सगळ्यांना ठाऊक होते आता काय व्हायचे. तिच्या आईच्या दुसऱ्या नवऱ्याने सांगितले, इतक्यात नाही. गर्भाधान झाले नाही.